विसावं बाळंतपण

नर्मदाच्या वहीत एकोणीस बाळंतपणं झाली होती. हवी होती वीस.

वही कॉलेजची, उर्दूत छापलेली. तिच्यात दोन रकाने होते: स्वतः केलेली बाळंतपणं आणि नुसती पाहिलेली. पहिल्या रकान्यात वीस नोंदी, प्रत्येकीपुढं डॉक्टरची सही, आणि वही पाच जूनच्या आत हैदराबादेत पोचली, तरच जुलैच्या परीक्षेला बसता येणार होतं. नाही तर थेट डिसेंबर, आणि वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, बंद.

नर्मदा पुसेगावच्या तातेरावांची लेक. डॉक्टरकीचं तिचं शेवटचं वर्ष. हैदराबादच्या दवाखान्यात एकेका बाळंतिणीमागं चार-चार मुली टपून असत, म्हणून तिनं परवानगी काढून १९४३ सालची उन्हाळ्याची सुट्टी हिंगोलीच्या जनाना दवाखान्यात काढायचं ठरवलं. महिन्याभरात तीन बाळंतपणं सहज होतील असा तिचा अंदाज. पण बायका दवाखान्यात यायच्याच नाहीत. महिन्यात बाळंतपणाला दोघीच आल्या. आज एकतीस मे, आणि दोन तारखेला वही टपालात पडायलाच हवी होती.

सकाळी दहाच्या सुमारास औंढ्याच्या रस्त्यावरल्या तांड्यातून उत्तमसिंग गाडी घेऊन आला. बैल फेसाळले होते.

"माझी बाई कालपासून तळमळून राहिली," तो म्हणाला. "आमची जिवनबाई म्हणती, लेकरू पायाळू हाय. दवाखान्यातून कुणाला तरी घेऊन ये म्हणली."

दवाखान्याच्या डॉक्टर कनीज फातिमा आत झटके येणाऱ्या एका बाईपाशी होत्या. त्या दारापर्यंत आल्या, सगळं ऐकलं आणि नर्मदाकडं वळल्या.

"तू पुढं हो. हिचं जरा थांबलं की मी टांग्यानं निघते. मी पोचेपर्यंत सगळं तुझ्यावर."

गाडी कयाधूच्या कोरड्या पात्रातून खडखडत निघाली. पायाळू मुलाचं पुस्तकातलं पान नर्मदाला तोंडपाठ होतं. मार्चच्या चाचणीत तिनं ते न चुकता लिहिलं होतं. ते आठवता आठवता मध्येच मनात यायचं, हे विसावं. मग तिची तिलाच लाज वाटायची.

झोपडीत त्याची बायको रूपाबाई खाटेच्या कडेवर मागं रेलून बसली होती. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. "याडी ये, याडी," आईला हाक मारत एवढंच ती म्हणत होती. जिवनबाई सत्तरीला टेकलेली सुईण, हातभर बांगड्या दंडापर्यंत सरकवून तिच्यापुढं बसलेली. मुलाचे दोन्ही पाय बाहेर आले होते. नर्मदानं हात धुतले, पिशवी उघडली, तेवढ्यात एक कळ आली आणि मूल कमरेपर्यंत उतरलं. मग थांबलं.

नर्मदानं मुलाचे पाय धरले आणि ओढायला घेतलं.

जिवनबाईनं तिचं मनगट पकडलं. "वढू नगं."

"उशीर होऊन राहिला, जिवनबाई! जीव गुदमरंल त्याचा!"

"वढलं का हात वर करतं लेकरू. हनुवटी वर करतं. मंग अडकतंच. सोड."

पुस्तकातही हेच होतं. अगदी हेच. नर्मदानं पाय सोडून दिले.

दुसऱ्या कळेला पोट उतरलं, छाती उतरली, एक हात सुटला, दुसरा सुटला. जिवनबाईनं मुलाला आधारही दिला नाही. तसंच लोंबू दिलं. अंग निळसर पडत चाललं होतं. नर्मदाला वाटलं, ही म्हातारी आता याला मारणार.

"धरा ना त्याला!"

"मानंवरले केस दिसू दे. तू तिच्या पोटावर हात ठिव. मी म्हणंल तवा दाब."

केस दिसले. जिवनबाईनं मुलाचे घोटे धरून त्याला हळूच वर, आईच्या पोटाकडं वळवत नेलं. "दाब आता." नर्मदानं दाबलं. हनुवटी आली, नाक आलं, डोकं सुटलं.

मूल रडेना.

आता जिवनबाई मागं सरकली आणि नर्मदा पुढं झाली. तिनं रबरी नळीनं घशातला चिकटा ओढून काढला, इवल्याशा तोंडावर तोंड ठेवून फुंकर घातली. छाती उचलली, बसली. पुन्हा. पुन्हा. बाहेर उत्तमसिंगचं येरझाऱ्या घालणं थांबलं होतं. मग मुलानं एक उचकी दिली आणि बारीक आवाजात रडायला सुरुवात केली. मुलगी होती.

वार पडायची वाट बघत दोघी बसल्या. "शिकून राहिली का अजून?" जिवनबाईनं विचारलं. नर्मदानं वहीचं सांगितलं, एकाच बाळंतपणाचं काम उरलंय, तेही सांगितलं.

तासाभरानं टांगा आला. डॉक्टरांनी रूपाबाईची नाडी बघितली, मुलीला उलटंपालटं करून पाहिलं. "शाबास! किसने किया?"

"या पोरीनं," जिवनबाई हात पुसत म्हणाली. नर्मदा मान खाली घालून पिशवी आवरू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी वही पुढ्यात सरकवली. "लिही. मी सही करते."

नर्मदानं टाक बुडवला. पहिल्या रकान्यात बरोबर एक ओळ रिकामी होती. जिवनबाईनं साक्षही दिली होती; कुणी विचारायला येणार नव्हतं. पण मनगटावर अजून ती पकड जाणवत होती. पुढच्या पायाळू मुलाच्या वेळी हात धरायला जिवनबाई कुठून येणार? तिनं दुसऱ्या रकान्यात लिहिलं: पाहिलेली. करणारी, जिवनबाई.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "पक्कं?"

"मी ओढायला निघाले होते, डॉक्टरसाहेब. जिवनबाईनं हात धरला म्हणून निभावलं."

डॉक्टरांनी सही केली.

दोन तारखेला दुपारी एक बाई कळा येतात म्हणून आली. नर्मदा तिच्या उशाशी बसून राहिली. चारच्या सुमारास कळा थांबल्या, खोट्याच होत्या; बाई उठून घरी गेली. टपाल निघायच्या वेळेला नर्मदानं एकोणीस नोंदींची वही पाठवून दिली. पंधरवड्यानं उत्तर आलं, वहीही परत आली: डिसेंबर.

तातेराव पुसेगावहून आले. लेकीनं सगळं सांगितलं, मनगटाचंसुद्धा. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"तो वजिफा गेला म्हण."

"व्हय."

"इथं राहून अभ्यास व्हईल का?"

"व्हईल. डॉक्टरसाहेब ठेवून घेऊन राहिल्यात."

"मंग ऱ्हा. सहा महिने म्हंजे एक पीक. त्यात काय एवढं," ते म्हणाले आणि गाडी जुंपायला उठले.

विसावं बाळंतपण जुलैत झालं, अगदी सरळ. तोवर नर्मदा जिवनबाईबरोबर तांड्यातांड्यांतून फिरायला लागली होती, आणि दिवाळीपर्यंत दुसऱ्या रकान्यात अकरा नवी नावं चढली. डिसेंबरात ती हैदराबादला गेली. तोंडी परीक्षेत तिला पायाळू मुलाबद्दल विचारलं, आणि हात कोणत्या वेळी लावायचा नाही हे तिनं आधी सांगितलं. ती पास झाली.