कॉनलबुवाचा कोरस

मी स्पष्टच बोलतो. ज्याच्या गाण्यावर लग्नात पोरं कंबर हलवतात त्याला लाखो लोक ऐकतात, आणि कॉनल डेव्हनीला ऐकतात जेमतेम वीस-पंचवीस टाळकी. त्यातली निम्मी आमच्या प्रभादेवीतली. बाकीच्या जगाने कानात बोळे घातलेत काय, देव जाणे!

हा कॉनल आयर्लंडचा. स्वतः गाणी रचतो, स्वतः गिटारवर गातो. त्याला माझ्या गळ्यात मारला तो कायतानने. कायतान आमच्याच चाळीत, माझ्या समोरच्या खोलीत राहतो. उभा जन्म बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. तरुणपणी तिकडच्या कुठल्याशा बंदराला बोट लागली असताना एका गुत्त्यात त्याने हा गडी ऐकला आणि त्याची कॅसेट घेऊन आला. तेव्हापासून त्याचं एकच टुमणं, "गणपत, एकदा ऐक रे." मी पडलो भजनी बुवा. एकदाचं ऐकलं आणि म्हटलं, "मेल्या, हा गातोय की दाढदुखीने कण्हतोय?"

कायतान चिडला नाही. त्याने मला एका गाण्याचा अर्थ मराठीत सांगितला. बाप दूर शहरात इमारती बांधायला गेलेला असतो. वर्षाने घरी येतो, तर त्याचाच पोरगा दारातून आत ओरडतो, "आये, कोणतरी पाहुणा आलाय."

आवशीचो घो! माझा बाप परळच्या गिरणीत होता. शिमग्याला गावी यायचा, तेव्हा मी त्याला काका म्हणून आयेच्या पदराआड लपायचो. हे त्या गोऱ्याला कोणी सांगितलं? मी म्हटलं, "परत लाव." त्याच्या बायकोने, डोरिसवहिनींनी आणलेला चहा तसाच निवून गेला. त्या दिवसापासून माझ्यासाठी तो कॉनलबुवा.

आताशा तो दर रविवारी आपल्या स्वयंपाकघरात बसून इंटरनेटवर गातो. तिकडे दुपार असते, इकडे दिवेलागण. आम्ही सगळे कायतानच्या खोलीत जमतो. आधी मी आणि माझी बायको लक्ष्मीच जायचो, मग माझ्या भजन मंडळाची पोरंही यायला लागली. काय गातो हो माणूस! आवाज चढवत नाही, उगाच हरकती घेऊन छाप पाडत नाही. आईने ताटात भाकरी ठेवावी तसा शब्द ठेवतो. फक्त कायतानचा नियम कडक. "हे भजन नाही, बुवा. तिकडे असलं गाणं श्वास रोखून ऐकतात. आवाज करायचा नाही." धृपदं सगळ्यांना पाठ, पण ओठ शिवलेले.

आणि मागच्या महिन्यात गाणं संपल्यावर कॉनलबुवा म्हणाला, पुढचा रविवार शेवटचा. भिंतीसमोर किती दिवस गायचं? गिटार विकायला काढली होती, घेणारा माणूस त्याच रविवारी येऊन घेऊन जाणार होता.

कायतान त्या दिवशी जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. डोरिसवहिनी लक्ष्मीला म्हणाल्या, "घरात कोणी गेल्यासारखं झालंय गो." मी समजूत घालायला गेलो, तर तो म्हणाला, "बोटीवर घरची आठवण यायची तेव्हा मला हाच होता, बुवा. तो म्हणतोय समोर भिंत आहे. मी भिंत आहे का रे?"



शेवटी कायतानच्या मुलीने, फ्लॅवियाने कॉनलबुवाला निरोप धाडला. मुंबईत तुमचे चाहते आहेत, शेवटच्या दिवशी तरी त्यांना समोरासमोर भेटा. तो व्हिडिओ कॉलला तयार झाला. मी मंडळाची खोली उघडून दिली. फ्लॅवियाने तिथल्या टीव्हीला सगळं जोडलं. कायतान चर्चला घालतो तो कोट घालून पहिल्या खुर्चीत बसला. मागे सतरंजीवर आम्ही, बाजूला आमचा पखवाज आणि झांजा.

"पोरांना आवर हं," कायतान मला म्हणाला. "चूं नको."

"आई शपथ," मी म्हटलं.

कॉनलबुवा पडद्यावर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. नुसती मान हलवली आणि एकेक गाणं म्हणत गेला. आम्ही पुतळे. सर्वांत शेवटी त्याने ते बापाचं गाणं घेतलं.

आता आमच्याकडची रीत सांगतो. भजनात बुवा ओळ म्हणून सोडतो आणि मागे बसलेला कोरस ती उचलतो. ओळ खाली पडू द्यायची नाही. बुवाचा श्वास कमी पडला, गळा भरून आला, तरी कोरस ओळ धरून ठेवतो. ओळ पडली तर नाचक्की बुवाची नाही, कोरसची.

धृपदाला कॉनलबुवाचा गळा दाटला. अर्धी ओळ म्हटली आणि पुढे आवाजच फुटेना. माझ्या डोळ्यांसमोर बुवाची ओळ पडत होती आणि मी गप्प बसू? शपथबिपथ गेली उडत. मी ती उचलली. माझ्यामागे सगळ्या पोरांनी उचलली. पखवाजावर थाप पडली, झांजा कडाडल्या आणि इंग्रजी धृपद अस्सल मालवणी गळ्यांतून खोलीभर घुमलं.

कॉनलबुवा दचकून मागे सरला. त्याने गिटारवरून हात काढून घेतले.

आम्ही थांबलो. कायतान पांढराफटक. "गणपत, घात केलास रे! शेवटचं गाणं होतं त्याचं!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कायतान उठला आणि हात जोडून पडद्याकडे बघत इंग्रजीत बोलू लागला. आमच्या कोरसची रीत सांगत असावा. बोलता बोलता त्यालाच रडू फुटलं. तिकडे कॉनलबुवाने चष्मा काढला. तो काही बोलणार इतक्यात त्याच्या दारावरची बेल वाजली.

"गिटारवाला आला," फ्लॅविया हळूच म्हणाली.

तो गिटार घेऊनच उठला. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. दाराशी दोन माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. कायतानने माझा हात इतका आवळला की बोटं दुखली. मग दार लागलं.

कॉनलबुवा परत आला. गिटार हातातच होती. खुर्चीत बसला, चष्मा चढवला आणि कायतानला दोनच वाक्यं बोलला. कायतान वळला. तो कोटाच्या बाहीने डोळे पुसत राहिला, शेवटी डोरिसवहिनींनीच सांगितलं, "तो म्हणतो, त्या माणसाला परत पाठवला. आता मागच्या लोकांना विचारा, कुठून घ्यायचं?"

माझे डोळे गळत होते, पण मी बुवा आहे.

"कायतान, त्याला सांग, फार खालच्या पट्टीत गातोस. माझ्या पोरांना उचलायला जड जातं. जरा वर घे."

एरवी कायतानने माझी मान धरली असती. आज त्याने मुकाट्याने ते इंग्रजीत सांगितलं. कॉनलबुवा हसला. गिटारच्या मानेवरचा पट्टी बदलायचा चिमटा त्याने वर सरकवला, नवी पट्टी छेडून बघितली, अर्धी ओळ म्हटली आणि आमच्याकडे बघत थांबला.

या वेळी ती कायतानने उचलली.