हार्वुड साहेबाचं चौथं लेकरू

नायगाव-देगलूर चौपदरी रस्ता आपल्या रानातल्या साहेबाच्या थडग्यांवरून जाणार, हे कळल्यापासून सिंधू नवऱ्याच्या मागं लागली होती. कंपनीच्या काळातला इंग्रज कापूस-व्यापारी हार्वुड. त्याची बायको अन् तीन लेकरं तिथं पुरलेली. अन् त्यांच्या पायथ्याशी, काही वर्षांमागं, सिंधूची बारसंही न झालेली लेक. त्या जागी नांगर फिरत नाही, म्हणून नवऱ्यानं, शेषेरावानंच ती तिथं पुरली होती.

"आधी आपली काढून घेऊ, नदीकाठी नेऊ," सिंधू सांगून सांगून थकली.

"मेलेलं उकरू न्हाई," एवढंच तो म्हणे.

शेवटी थडगी हलवायला नांदेडच्या कॉलेजातले गंधार सर आले. मेल्या म्हशीला मणभर दूध! सरांना साहेबाचं किती कौतुक करू अन् किती नको असं झालेलं. "तिन्ही लेकरं तापानं गेली, ताई, मागोमाग बायको. तरी दुसऱ्या दिवशी हा गडी कापसाचा सौदा करायला हजर! केवढा खंबीर!"

खंबीर कसला, दगड मेला. सिंधूला तसा एक माणूस ठाऊक होता. लेकीला माती देऊन आल्या आल्या तो म्हशीची धार काढायला बसला होता.

मजुरांनी तिन्ही लेकरं काढली, त्यांची आई काढली. मग पायथ्याशी आणखी एक सापडलं, इवलंसं, मनगटाशी काळे मणी असलेलं. सर आनंदानं ओरडलेच, "ह्याचं नाव थडग्याच्या शिळेवर नाही! काळे मणी म्हणजे आई इथलीच. साहेबाचं चोरीचं लेकरू!"

दृष्ट लागू नये म्हणून ते मणी सिंधूनं स्वतः ओवले होते. ती पुढं झाली, तोच शेषेरावानं तिचं कोपर धरलं. "गप. दवाखान्यात का नेली न्हाई म्हणून पोलीस इचारतील. मला आत घालतीस का?"

तापानं फणफणलेल्या पोरीकडं बघून "सकाळी बघू, पोरीच्या जातीला काय होतंय," म्हणणारा हाच.

सिंधू मागं सरली. साहेबाचं कुटुंब हैदराबादच्या दफनभूमीत जाणार होतं. परक्याच्या नावानं का होईना, लेकीला कायमची माती मिळेल, तिनं मनाची समजूत घातली.

साहेबाची बायको-लेकरं लाकडी पेट्यांत गेली. चौथं मात्र सरांनी कापसात गुंडाळून वेगळं ठेवलं.

"ह्या लेकराला कुठं नेऊन राहिलात?"

"कॉलेजात. काचेच्या कपाटात ठेवू, मुलांना बघायला."

सिंधू सरांच्या आडवी आली. "सर, ती माझी लेक हाय!"

सरांचे डोळे पाणावले. "खरंय, ताई. आता ती आपल्या सगळ्यांचीच."

"तसं न्हाई, सर!" ती नवऱ्याकडं वळली. "अवो, सांगा की ह्यांना!"

शेषेरावानं सरांसाठी गाडीचं दार उघडलं. "निघा सर, ऊन लई झालंय."