महिनाभर उशिरा पोहोचलेला पाट

पापडाचं पीठ.

हळदीनं माखलेली पावलं.

एक ट्यूबलाइट.

रेल्वेच्या बाकाखालचा अंधार.

काळी धूळ. पुसली तरी दुसऱ्या दिवशी हजर.

"फागुन है भैया, फागुन!"

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही ना? संबंध आहे तो माझ्याशी. मी एक जुना पाट आहे. सागवानी, चार कोपऱ्यांना चार पितळी फुलं, त्यातलं एक निखळलेलं. या सगळ्या गोष्टी माझ्या अंगावरून गेल्या आहेत. लाकडाला क्रमानं आठवत नाही. तरी तुमच्यासाठी प्रयत्न करतो.

मला गोंदियाच्या अच्युत मिस्त्रींनी घडवलं. आम्ही जोडीनं जन्मलो, कारण लग्नाचे पाट जोडीनंच करतात. जिच्याबरोबर मी पुढे गाव सोडलं, त्या क्षमाच्या आईचं लग्न आमच्यावर लागलं. पाटाला माणसाचं तोंड दिसत नाही, मित्रांनो, वजन कळतं. घाबरलेलं माणूस पुढे झुकतं, कंटाळलेलं एका अंगावर कलतं, रागावलेलं धपकन बसतं. हळदीच्या पावलांची ती नवरी सारखी पुढे झुकत होती.

मग बारसं झालं, वाढदिवस झाले, पंगती उठल्या. पाहुणे माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "असं काम आता होत नाही हो." पुढे घरात डायनिंग टेबल आलं आणि ते हात टेबलावरून फिरू लागले. माझा जोडीदार एका थंडीत आंघोळीच्या पाण्याच्या बंबात गेला. मी शेजारीच होतो. त्याबद्दल जास्त बोलणार नाही.

मी उरलो पिठाच्या डब्यामागे. ट्यूबलाइट बदलायची झाली की माझी आठवण निघे. स्टुलावर मला ठेवायचं आणि माझ्यावर चढायचं, एवढंच काम.

एका गणेश चतुर्थीला भटजी आलेच नाहीत. मूर्ती चौरंगावर, दूर्वा सुकायला लागलेल्या, आई दारात फेऱ्या मारतेय. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या क्षमानं मला डब्यामागून ओढलं, फडक्यानं पुसलं, माझ्यावर बसली आणि लहानपणापासून ऐकत आलेली सगळी पूजा तोंडपाठ सांगितली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोट्टी तर भटजीहून खणखणीत बोलून राहिली!" सगळे हसले. क्षमा माझ्यावर ताठ बसली होती, जराही झुकली नव्हती.

"आई, मले हे नीट शिकायचं हाय," ती म्हणाली.

"पोरी कुठं भटजी होतेत का वं?"

"रायपूरले होतेत."

ही बातमी श्यामराव मामांची. ते रेल्वेतून निवृत्त होऊन रायपूरलाच राहिले होते. छत्तीसगड राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. नव्या राजधानीत रोज काही ना काही नवं निघत होतं, आणि पुरानी बस्तीतल्या एका पौरोहित्य विद्यालयानं त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींना घ्यायचं ठरवलं होतं. आई कशीबशी कबूल झाली. पण तिनं बजावलं, "यंदा जमलं तर जमलं. नाही तर चैत्रात स्थळं पाहू, मग रडू नको."

मामांनी फोनवर दिवस सांगितला. "अगहन बदी पंचमीले शिकवणं सुरू होते. अगहन म्हणजे आपला मार्गशीर्ष. आसन अन् लोटा ज्याचा त्याचा." एवढं सांगून, घराची किल्ली शेजारी ठेवून, मामा-मामी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्गशीर्ष वद्य पंचमी शोधली आणि त्या चौकोनावर कुंकवाचं बोट टेकवलं.

आसन म्हणून क्षमानं मला घेतलं. जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीनं आवळून मी रेल्वेच्या बाकाखाली गेलो. दिसत काहीच नव्हतं. रुळांचा ठोका मात्र अंगभर वाजत होता. पिठाच्या डब्यामागे इतकी वर्षं उभं राहिल्यावर तोही मला गाण्यासारखा वाटला.

मामांच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा मामा त्याच सकाळी पुण्याहून परतले होते. हातातली पिशवीसुद्धा त्यांनी खाली ठेवली नव्हती.

"काहून वं पोरी, महिना झाला, किल्ली शेजारी तशीच! कुठं होती तू?"

"महिना? मामा, आजच तर पंचमी हाय. मार्गशीर्ष वद्य."

मामांनी पिशवी ओट्यावर ठेवली. "अरे देवा! चाळीस वर्षं इकडं राहून माह्या डोक्यातूनच गेलं. आपला महिना अमावास्येले संपते. या लोकायचा पौर्णिमेले. या लोकायचं अगहन तवाच सरलं पोरी, आता पूस, म्हणजे पौष, चालू हाय."

मित्रांनो, आकाशात चंद्र तोच असतो. पण महिना कुठे संपवायचा यावर दोन मुलखांचं जमत नाही. म्हणून वद्य पक्षात आपल्याकडे एका महिन्याचं नाव चालतं आणि तिकडे पुढच्या. या फरकानं आम्ही महिनाभर मागे पडलो होतो.

तरी क्षमा मला काखेत मारून विद्यालयात गेली. आचार्य शालिग्राम यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे मुलं दबकून हसत होती. त्यातला धर्मपाल पुटपुटला, "दीदी पीढ़ा लेके आई है, खाना खाने बैठेगी क्या?" पीढ़ा म्हणजे मी.

आचार्य म्हणाले, "बेटी, जिस पुरोहित को महीना ही न पता हो, उसका संकल्प सुनकर भगवान भी पंचांग खोलेंगे." पूजेच्या आधी हातात पाणी घेऊन महिना आणि तिथी उच्चारतात, तो संकल्प. त्यात चूक म्हणजे पायाच चुकला.

क्षमा हलली नाही. आचार्यांनीच मग मार्ग काढला. महाशिवरात्रीपर्यंत तिनं ओसरीत बसून ऐकावं. शिवरात्रीला कुणा यजमानाकडे पोथी न उघडता अभिषेक सांगावा. जमला तर प्रवेश, नाही तर गोंदिया.

"हव, आचार्यजी," क्षमा म्हणाली.

ओसरी म्हणजे धुळीचं माहेरघर. उरला आणि सिलतरा इथल्या कारखान्यांची काळी भुकटी वाऱ्यावर यायची आणि सकाळी माझ्यावर थर दिसायचा. क्षमा रोज मला पुसायची, मगच बसायची. आतल्या मुलांना आचार्य शिकवत, बाहेर ती ओठ हलवत असे. सुरुवातीला ती एका बाजूला कलायची, पाय अवघडायचे. धर्मपाल येता-जाता विचारायचा, "आज कौन-सा महीना है दीदी?" ती उत्तर द्यायची, "तेरी परीक्षा का." हळूहळू तिचं वजन माझ्या मधोमध येऊ लागलं. मला वाटू लागलं, मी तिच्याच मापानं कापलेला आहे.

(मध्येच आठवलं. पापडाचं पीठ. क्षमा तेव्हा रांगत होती. आई माझ्यावर पापड लाटत होती आणि क्षमानं पिठाची मूठ भरून माझ्या फुलांवर टाकली. देवाला वाहतात तशी.)

शिवरात्रीची सकाळ. यजमान म्हणून मामाच पुढे आले. शेजारचे भैय्यालाल, उरल्याच्या रोलिंग मिलमधले, म्हणाले, "बिटिया हमारी भी है." मग दोन घरांचा मिळून एकच अभिषेक ठरला, अंगणात. आचार्य खुर्चीवर बसले. मागे सगळी मुलं.

क्षमानं आचमन केलं. दोन्ही यजमानांच्या हातावर पाणी घातलं आणि संकल्पाला सुरुवात केली. महिन्यापाशी येणार, तोच मामा पुढे वाकून कुजबुजले, "माघ म्हण वं. आज माघ वद्य चतुर्दशी."

भैय्यालाल दचकले. "माघ? फागुन है भैया, फागुन! शिवरात्रि हमेशा फागुन में पड़ती है."

"हमारे यहाँ माघ में पड़ती है!"

"तो रायपुर में क्यों मना रहे हो, गोंदिया जाओ!"

"मी जातो गोंदियाले, तुम्ही कैलासावर जाऊन विचारून या!"

दोघांच्या ओंजळीतलं पाणी ठिबकत होतं. मुलं आचार्यांकडे पाहू लागली. आचार्य क्षमाकडे पाहत होते. मित्रांनो, त्या क्षणी मी जीव मुठीत धरून होतो. ती आता पुढे झुकेल, असं मला वाटलं.

ती झुकली नाही. तिनं आवाज उंचावला. "अमान्तमानेन माघमासे, पूर्णिमान्तमानेन फाल्गुनमासे, कृष्णपक्षे, चतुर्दश्यां तिथौ..."

अमावास्येला संपणाऱ्या मोजणीनं माघ, पौर्णिमेला संपणाऱ्या मोजणीनं फाल्गुन.

"महादेव के घर कौन-सा कैलेंडर टँगा है, मुझे नहीं पता," क्षमा म्हणाली. "मैंने दोनों बोल दिए. मामा, भैय्यालालजी, पाणी सोडा."

ताम्हनात दोन धारा एकदमच पडल्या.

मग दूध, दही, मध. रुद्राची आवर्तनं. पोथी पिशवीतच राहिली. शेवटच्या शांतिपाठापर्यंत तिचा सूर एकदाही खाली बसला नाही. अंगण इतकं शांत झालं होतं की भैय्यालालांच्या घरातला कुकर वाजला तेव्हा त्यांनीच आत हात करून "श्श!" केलं.

आचार्य उठले. वळून म्हणाले, "धर्मपाल, कल से इसका आसन भीतर लगेगा. पहली पंक्ति में."

मला उचलायला धर्मपालच आला. "बाप रे, दीदी, पीढ़ा है कि पहाड़!" पण त्यानं मला दोन्ही हातांनी, छातीशी धरून नेलं. विद्यालयाचा उंबरा मी असा ओलांडला. माझ्या उरलेल्या तीन फुलांवर ऊन पडलं होतं.

चैत्रात स्थळं पाहिली गेली नाहीत. आई रायपूरला आली ती लेकीचा वर्ग पाहायला.

आता क्षमा अख्ख्या रायपुरात पूजा सांगते. सिलतऱ्याला नव्या भट्टीची पूजा होती, तिथल्या मॅनेजरनं तिच्या मागे डोकावून विचारलं, "पंडितजी कहाँ हैं?" क्षमा म्हणाली, "सामने." राजधानीतल्या ऑफिसांत बदलून आलेली मराठी मंडळी तिला बोलावतात, जुन्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, छत्तीसगडी लोकही बोलावतात. जिथे जाईल तिथे यजमानाला ती आधी विचारते, "तुमच्याकडे महिना कधी बदलतो?" आणि जिथे जाईल तिथे मी असतो. माझा एक पाय झिजला आहे, बसलं की मी थोडा डुगडुगतो. क्षमानं खाली कागदाची घडी सारली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी डब्यामागे उभं असेल. त्याला बाहेर काढा. पुसा, पण उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं. बंबात तर कधीच घालू नका. आणि एकदा त्यावर नीट, ताठ बसून पाहा. कोण जाणे, त्याला तुमच्याबरोबर कुठवर जायचं असेल.

गोंदियाहून आम्हाला घेऊन निघालेली गाडी, महिनाभर उशीर झाला त्या दिवशीही, रायपूरला अगदी वेळेवर पोहोचली होती.