स्फटिकाची खालची बाजू

तारमास्तरांनी श्वास रोखला आणि केसाहून बारीक सोन्याची तार सुईसारख्या स्फटिकाच्या टोकाला टेकवली. चांदीच्या पेस्टच्या इवल्याशा थेंबाने तार चिकटवायची, पेस्ट वाळू द्यायची, मग वीज सोडून आकडा बघायचा, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. त्यावरूनच सगळी प्रयोगशाळा त्यांना तारमास्तर म्हणायची.

"वाहतेय का?" मागून धाकटीने विचारलं. प्रयोगशाळेत सगळ्यांत नवी म्हणून ती धाकटी. स्फटिक वाढवायचं काम तिचं.

"नावाला."

"म्हणजे परत माझंच काहीतरी चुकलं."

तारमास्तरांनी डोळे सूक्ष्मदर्शकावरून हलवले नाहीत.

धाकटीचे स्फटिक म्हणजे पॅलेडियम आणि ब्रोमीन यांची एकाआड एक गुंफलेली लांबच लांब साखळी. एरवी अशी साखळी सैल पडते आणि वीज अडते. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी युक्ती काढली होती. साखळीच्या दोन्ही अंगांना असे रेणू जोडायचे, की ते हायड्रोजन बंधांनी शेजाऱ्याचा हात धरतील आणि साखळी आवळून ठेवतील. पहिल्याच स्फटिकाने असा काही आकडा दाखवला, की सरांनी भर बैठकीत धाकटीला उभं करून टाळ्या वाजवल्या. पण त्यानंतरचा एकही स्फटिक धड वागेना. "पोरीचा हात बिघडला," असं सर आता उघड म्हणू लागले होते. सोमवारपासून हे काम तिच्याकडून काढून घेणार होते. ती बिचारी कधी दमट हवेला दोष देई, कधी पाण्याला, कधी स्वतःच्या घामेजल्या बोटांना. हल्ली तर हातमोजेही दुहेरी घालायची.

आणि मुळात बिघडलं होतं कुणाचं? टाळ्या वाजून गेल्यावर आठवड्याभराने तारमास्तरांनी तो पहिला स्फटिक सहज उलटा केला होता. पेस्ट एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत खालून ओघळलेली. वीज गेली ती चांदीतून, स्फटिकाचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पेस्ट वाळण्याआधी खालची बाजू बघायची, हे नवख्यांना ते स्वतःच घोकवून घोकवून शिकवत. पहिल्या मोजणीच्या दिवशी मात्र चहाला हाक आली आणि हे महाशय तसेच उठून गेले. ओघळ त्यांनी गुपचूप पुसून टाकला आणि उद्या सांगू असं मनाशी म्हणाले. त्या उद्याला महिने लोटले. घरी जेवताना बायको विचारायची, भाजीत काही कमी पडलं का, आणि ते मान हलवून पाणी प्यायचे.

"दादा, आज बाबा येताहेत," धाकटी म्हणाली. "जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग केलं त्यांनी. मी वीज वाहणारी सुई वाढवली म्हटल्यावर गल्लीभर सांगत सुटले. सोमवारनंतर दाखवायला काही उरणार नाही, म्हणून आजच बोलावलं. तो पहिला स्फटिक काढून ठेवाल?"

तारमास्तरांनी हातातली तार खाली ठेवली.

"तू आधी बस," ते म्हणाले. मग अडखळत का होईना, सगळं सांगून टाकलं. ओघळ, चांदी, पुसापुशी. "तुझा हात कधी बिघडलाच नव्हता गं. मीच गप्प बसलो. सरांनाही सांगतो."

त्यांना वाटलं होतं, ती भडकेल, निदान तिच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल. धाकटीने हातमोजे काढले आणि एकात एक नीट घालून ठेवले.

"म्हणजे तो एकसुद्धा खरा नव्हता," ती म्हणाली.

चूक लपवताना वाटली नव्हती एवढी लाज त्यांना आता वाटली.

तेवढ्यात कडक इस्त्रीचा शर्ट घालून तिचे वडील दारात उभे राहिले. धाकटीने पहिला स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यांना तिथे बसवलं.

"अगं, ही तर तांब्यासारखी चमकतेय," ते म्हणाले. "हीच का ती?"

"हीच," धाकटी म्हणाली. "पण वीज जात नाही हिच्यातून, बाबा. मोजण्यात गफलत झाली होती. मीच घाईने तुम्हाला सांगून बसले."

"कुणाची गफलत?"

"झाली. जाऊ द्या ना."

वडिलांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले. मग त्यांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे गं. सुरुवातीला मीही कितीतरी फ्यूज उडवलेत. हात बसायला वेळ लागतोच." मग ते तारमास्तरांकडे वळले. "साहेब, हिला जरा सांभाळून घ्या. तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाजवळ बसली, की असल्या चुका करायची नाही."

धाकटी मान खाली घालून उभी होती. तारमास्तर उठले. शेजारच्या खोलीचं दार त्यांनी सताड उघडलं.

"सर, जरा बाहेर येता?" ते म्हणाले. "हिचे वडील आलेत. ते आहेत तोवरच तुम्हाला एक सांगायचंय."