गावाला लावायचं नाव

अनुपमाबाई पालिकेच्या शाळेत शिकवायच्या. सध्या त्यांना जनगणनेचं काम लागलं होतं. मरोळच्या त्या चाळीत पहिल्या दिवशी एकही घर त्यांना धड उत्तर देईना. कुणी म्हणे, "आमची नावं गावाला." कुणी दार अर्धं लोटूनच म्हणे, "इथं आम्ही पाहुणे." नातवंडं खेळवायची वेळ आली तरी पाहुणेच.

दुसऱ्या दिवशी वनमालाकाकी पायात चपला सरकवून बाईंसोबत निघाल्या. चाळीत काकींच्या शब्दाला वजन होतं.

"अरे, पाठ कुठं टेकतोस? पाणी कुठं भरतोस? मग नाव तिथंच सांगायचं. उद्या नळ वाढवून मागशील, तेव्हा सरकार विचारेल, माणसं आहेत कुठं?"

दारं उघडत होती. पण एकेक दार मागं पडेल तसं काकींची चाल मंदावत होती. रांगेच्या टोकाला त्यांचंच घर होतं, आणि घरात सीतारामकाका.

गिरणी बंद पडली, मग काकांनी मरोळच्या कारखान्यात राखणदारी केली. जन्म इथं गेला, जीव मात्र गावच्या घरात. ते घर चुलतभाऊ भाऊरावांसोबत सामाईक. नाव मुंबईत लागलं की भाऊराव म्हणणार, तुझं इथं काय उरलं? म्हणून शिमग्याला महिना असतानाच काका गावी जायच्या तयारीत होते. दोघांची नावं तिकडं लावणार होते. काकींनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

शेजारच्या दारात चंद्रप्रकाश हाताची घडी घालून उभा होता.

"काकी, आधी तुमचं घर होऊ दे. काकांनी गावचं तिकीट काढलंय म्हणे."

मागून येणारे चाळकरी थबकले.

"तुमचं नाव गावाला, आमचं इथं. म्हणजे तुमचं गावचं घर राहणार आणि आमची वाट लागणार. झकास ना."

आता माघार घेतली, तर सकाळपासून उघडलेली दारं पुन्हा लागणार.

"चल," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोरच होऊ दे."

दारात माणसं बघून काका खाटेवर उठून बसले. बाईंनी समजावलं, "काका, यावरून घराचा हक्क ठरत नाही. ही माहिती कोर्टातसुद्धा कुणाला दाखवता येत नाही. राहता तिथं नोंद, एवढंच."

"बाई, तुमी जाशात घराक. भाऊराव थंय गावाक बसलो हा."

बाईंनी नोंदीसाठी मोबाइल उघडला. काकींनी आपलं नाव सांगितलं, वय सांगितलं.

"आणि काका?"

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर कुणीतरी खाकरलं. काकी पदराचं टोक पिळत होत्या. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. डॉक्टरकडे, रेशनवर, सगळीकडे 'आमचे हे'. आता 'हे' म्हणून चालणार नव्हतं. आणि सांगितलं, तर हा माणूस पुन्हा आपल्याशी बोलेल की नाही, कोण जाणे.

"सीताराम," काकी म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "लिहा. वय अडुसष्ट."

काकांनी बायकोकडे मान वळवली. बाईंचं बोट मोबाइलवर अधांतरी थांबलं होतं.

"सत्तर," काका म्हणाले. "चुकीचा सांगू नको."

चंद्रप्रकाशनं घडी सोडली. "बाई, इथलं झालं की आमच्याकडे या. आम्ही पाच जण." माणसं हळूहळू पांगली.

काकी खाटेशी टेकल्या. काकांनी आपला फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घे. भाऊरावाक आता तूच सांग."

"काय सांगू?"

"माका काय विचारतंस? नाव तू घेतलंस."

काकींनी नंबर लावला. तिकडं घंटी वाजत राहिली. मग भाऊरावांचा आवाज आला, "बोल रे सीताराम, कधी येतंस?"

"भावजी, मी बोलतेय," काकी म्हणाल्या. "आमची दोघांची नावं इथं लावली, पण गावचं घर आपलं सामाईकच."