सबीना कॅनव्हनच्या कालवडी

आमच्या बॅलीकारा गावच्या रस्त्यावर आता जनावरांचा बाजार भरत नाही. सगळं कुंपणातल्या लिलावात जातं. पण तो बाजार म्हटलं की मला सबीना कॅनव्हन आठवते. माझी शेजारीण. वसंतात तिचा नवरा गेला आणि हिवाळ्याच्या तोंडाला ती स्वतःच दोन कालवडी घेऊन बाजाराला निघाली. हाकायला मी सोबत होते.

वाटेत तिचा धाकटा दीर फेस्टस येऊन मिळाला.

"वहिनी, तुम्ही मागं राहा. सौदा बाप्यांनी करायचा असतो."

"जनावरं कुणाची, भाऊजी?"

"तुमचीच की."

"मग मीच बोलेन."

बाजारात जनावरांच्या धक्क्यानं काचा फुटू नयेत म्हणून दुकानदारांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. रस्ताभर शेण, वरून पाऊस. आम्ही चर्चच्या भिंतीशी उभे राहिलो. टायनन नावाचा पूर्वेकडचा व्यापारी आला, कालवडींच्या पाठीवरून काठी फिरवली आणि फेस्टसला म्हणाला, "कितीला देणार?"

किंमत सबीनानं सांगितली.

टायनननं तिच्याकडे पाहिलंही नाही. "काय रे, घरात बाप्ये संपले का तुमच्या?"

आजूबाजूचे हसले. हातावर हात मारला की सौदा पक्का, म्हणून एका दलालानं नेहमीच्या सवयीनं तिचं मनगट धरून टायननच्या हाताकडे ओढलं. तिनं ते सोडवून घेतलं.

"हात माझा आहे. द्यायचा तेव्हा मी देईन."

टायनन निघून गेला. दुपार कलली. शेजारची जनावरं विकली जाऊन स्टेशनाकडे गेली. माझे पाय बधिर झाले होते. सबीना भिंतीला टेकलीसुद्धा नाही.

"देऊन टाका, वहिनी," फेस्टस कुजबुजला. "परत नेल्या तर गाव हसेल."

"हसू दे. त्यांना चारा घालायला गाव येत नाही."

शालीतून तिनं पाव काढला आणि आम्हा दोघांना दिला. मग कालवडी घराच्या दिशेनं वळवल्या. पुलाशी पोचतो न पोचतो तोच टायनन मागून आला. या वेळी तो तिच्याशी बोलला.

"थोडं कमी?"

"नाही."

"पैशातलं एक शकुनाचं नाणं तरी मला परत देशील?"

"ते देईन. विकणाऱ्यानं द्यायची रीतच आहे."

तो तळहातावर थुंकला. तीही थुंकली, आणि तिनं असा हात मारला की बाजूचं घोडं बिचकलं.

फेस्टस आमच्याबरोबर घरापर्यंत आला. फाटकाशी थांबून म्हणाला, "वहिनी, पुढच्या बाजाराला माझे गोऱ्हे न्यायचेत. तुम्ही सौद्याला उभ्या राहाल?"

"बघू," सबीना म्हणाली. "आधी त्यांना नीट खाऊ घाला."