रंजीताबाईंचं पथ्यपाणी

माझी नणंद कॅनडातून दात बसवायला चंद्रपूरला आली, आणि तिचं तोंड बरं होईपर्यंत माझं कंबरडं मोडलं. तिकडे म्हणे दात बसवायचे तर माणसाला घरदार विकायला निघावं लागतं. इकडे चंद्रपुरात हाताला हलका डॉक्टर, सावली गावाजवळ माहेर, आणि माहेरात रांधून घालायला वहिनी. हिशेब चोख होता. फक्त वहिनीला विचारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

रंजीताबाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. माझ्यापेक्षा वयाने थोड्या लहान, हसऱ्या, हाताने सैल. येताना माझ्यासाठी स्वेटर घेऊन आल्या. आमच्याकडे स्वेटर लागतो तो पहाटे धानाच्या खळ्यावर, पण असो, आठवण ठेवली हेच खूप. पण बाई माहेरी आली की ती माहेरवाशीण. तिने चुलीकडे फिरकायचं नाही, ताट उचलायचं नाही. माझ्या सासूबाई शकुबाई या बाबतीत पोलिसासारख्या कडक आहेत.

आता माझ्या दाढेचंही सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की कमळाने लपवून ठेवलं. खालच्या जबड्यातली उजवीकडची दाढ. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून रोपं लावत होते, तेव्हा पहिल्यांदा कळ आली ती थेट कानात. त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे बैलांना चारा टाकत होते. "धान निघू दे, मंग जाऊ चंद्रपूरले," म्हणाले. ठीक आहे म्हटलं. लवंग दाबली, डाव्या बाजूने चावायला शिकले. धान निघालं, खळ्यावर चुरणं झालं, पोती भरली. दाढ तिथेच होती. मग फोन आला की रंजीता येते आहे.

माझा बेत साधा होता. रंजीताबाई चंद्रपूरला जातील त्या गाडीत आपणही बसायचं. त्यांचे दात होतील, माझी दाढ होईल, एकाच फेरीत दोघींचं निभावेल.

पहिल्या फेरीला मी पदर सावरून उभी होते. सासूबाई म्हणाल्या, "तू कुठी चालली? पोरगी दात काढून येईन, तिले आल्या आल्या खायाले काय देशीन?" गाडी गेली. मी तांदूळ निवडायला बसले.

संध्याकाळी रंजीताबाई आल्या त्या ओळखू येईनात. एक गाल वांग्यासारखा फुगलेला, ओठ सुन्न, डोळ्यांत पाणी. कुजके दात काढून हाडात खिळे ठोकले होते, वर तात्पुरत्या टोप्या. पक्के दात पुढच्या खेपेला, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हेच. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं: चावायचं नाही, गरम नाही, तिखट नाही, आणि ताकद भरून यावी म्हणून खाणं मात्र सकस हवं. सासूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

बिचारी आली होती कशासाठी? भाकर, ठेचा, तळलेले मासे, वडे. विमानात बसल्यापासून यादी पाठ करत होती. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं झालं तिचं. पहिल्या रात्री आम्ही जेवत होतो तेव्हा ठेच्याच्या वासाने तिला रडू आलं. मग सासूबाईंनी फर्मान काढलं की पोरगी आहे तोवर घरात तिखट शिजणार नाही. हे म्हणाले, "मंग मी का खाऊ?" म्हणजे दोन स्वयंपाक आले.

सकाळी पेज, निवलेली. मग घोटून गाळलेलं लाखोळीच्या डाळीचं वरण आणि त्यात कुस्करलेला भात. दुपारी नाचणीची आंबील, तिसऱ्या प्रहरी गुळाची खीर. तलावातली मरळ मिळाली की तिचा काटा न् काटा काढून, मिरची न घालता पातळ रस्सा. मरळीचे काटे काढता काढता माझे डोळे गेले. रंजीताबाई फोनवर वाचून विचारायच्या, "वहिनी, याच्यात प्रोटीन किती असन?" मी म्हणायची, "बाई, धान मोजतो आम्ही. वाटीतलं कोनी मोजलं नाई अजून." त्या हसायच्या, गाल धरून. मग मलाही हसू यायचं, आणि हसताना माझी दाढ ठणकायची.

त्यात गाव. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की अख्खं गाव पाहायला येतं, आणि रिकाम्या हाताने कोणी येत नाही. "दात काढले म्हनते बाईचे, पाहून येऊ म्हटलं," म्हणत एकीने मुरमुऱ्याचे लाडू आणले, दुसरीने भाजलेल्या शेंगा, तिसरीने फुटाणे. एका म्हातारीने तर उसाची कांडकी आणली. दात काढलेल्या माणसाला ऊस! कोणाच्या मनात खोट नव्हती. प्रत्येकीने आपल्या घरात जे चांगलं होतं ते आणलं. रंजीताबाई ते सगळं मांडीवर घेऊन बसायच्या आणि मी सगळ्यांना चहा करायची.

एक फायदा मात्र झाला, तो कबूल करते. मऊ जेवणाने माझं भागू लागलं. मी पेज जरा जास्तच टाकायची. सगळ्यांचं आटोपलं की पातेल्यातली उरलेली पेज वाटीत घ्यायची आणि मागच्या पायरीवर बसून प्यायची. कळ न येता जेवण कसं असतं ते मी विसरूनच गेले होते. एकदा सासूबाई मागून आल्या. "तुले काऊन पेज पायजे? तुले का झालं?"

विचारलं होतं खरं, पण उत्तरासाठी थांबल्या नाहीत. "भाकर उरली हाय, ते खा. पेज सायंकाळले रंजीताले होईन," म्हणून आत गेल्या. मी भाकर पाण्यात भिजवून खाल्ली. राग आला होता. कोणावर काढणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग ठरवलं, थेट रंजीताबाईंनाच सांगावं. शिकलेली बाई आहे, दुखणं तिला कळतं. दुपारी खिरीची वाटी घेऊन गेले तर त्या फोन पालथा ठेवून भिंतीकडे बघत बसल्या होत्या. पोरांशी बोलणं झालं होतं. पोरांनी एवढंच विचारलं की कपडे धुवायच्या यंत्राचं कोणतं बटण दाबायचं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तिकडं मले ताप आला तरी मीच उठतो. काल-परवाचं गरम करतो, उभ्या उभ्या खातो अन् कामावर जातो. किती वर्षं झाली, कोनी माह्या हातात वाटी आनून देल्ली नाई. मी दातासाठी आली का याच्यासाठी आली, मलेच समजून नाई राह्यलं."

मी म्हटलं, "खा बाई, खीर थंड झाली." आणि आले परत. स्वयंपाकघरात उभी राहून मला तिची दया आली, आणि त्या दयेचाच राग आला. तिला वाटी देणारं कोणी नाही म्हणून ती समुद्र ओलांडून माझ्याकडे आली. मी कुठे जाऊ? माझी आई गेली, धानोऱ्याला भाऊ आहे, त्याच्याकडे गेले तर भावजय माझ्या आधी थकलेली.

त्या रात्री दाढेने झोपू दिलं नाही. सकाळी गालाला हात लावला तर आतून टणक लागत होतं. रंजीताबाईंची शेवटची फेरी दोन दिवसांवर होती. टाके बघायचे आणि मग त्या विमानात बसणार. ही गाडी चुकली तर मला चंद्रपूरला नेणारं कोणी नाही, हे मला पुरतं कळत होतं. मग उन्हाळी कामं, मग पुन्हा रोवणी.

त्या दिवशी अंधारातच उठले. भात, भाकर, भाजी, वरण, सगळं करून झाकून ठेवलं. चांगलं लुगडं नेसले आणि कोणी काही म्हणायच्या आत जाऊन गाडीत बसले. सासूबाई दारात आल्या. "अन् घरी कोन पायते?"

"सारं झाकून ठेवलं हाय," मी म्हटलं.

"चाल वहिनी, माह्या सोबतीले!" रंजीताबाई खूश झाल्या. त्यांच्या पेजेचा डबा माझ्या मांडीवर आला. हे पुढे ड्रायव्हरजवळ बसले. मूल गाव मागे गेलं, जंगल लागलं, आणि मी मनात वाक्य जुळवत होते. इतकं साधं वाक्य, पण मला ते घाटावरून पाण्याचे हंडे आणण्यासारखं जड झालं होतं.

डॉक्टर तरुण होते. रंजीताबाईंच्या तोंडात उजेड पाडून म्हणाले, "फार छान भरून आलंय. खाण्याकडे कोणी लक्ष दिलं?"

"माह्या वहिनीनं," रंजीताबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. तीच वेळ होती.

"डॉक्टरसाहेब, माही बी एक दाढ पाहून देता का?"

डॉक्टरांनी खुर्ची दाखवली. त्यांनी नुसता चिमटा टेकवला आणि माझा पाय आपोआप उडाला. "हे कधीपासून आहे?"

"रोवणीपासून."

डॉक्टरांना रोवणी कळली नसावी, पण रंजीताबाईंना कळली. "म्हंजे मी आली त्याच्या आधीपासून?" त्या म्हणाल्या. "अन् मले इतके दिस मासोळीचे काटे काढून देऊन राह्यली होतीस?" हे दारात उभे राहून कॅलेंडरकडे बघत होते. तेव्हाच आल्या असतात तर दाढ वाचली असती, डॉक्टर म्हणाले. आता आत पू झालाय, काढावीच लागेल. मी म्हटलं, काढा. त्या सुईने जबडा बधिर झाला तेव्हा मला कसं वाटलं सांगू? इतके महिने अंगावर असलेला भारा कोणीतरी खाली उतरवून घेतला, असं वाटलं. दाढ निघताना मी रडले, आणि ते दुखलं म्हणून नाही.

परतीला रक्त थांबेना. मूलजवळ रंजीताबाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली, स्वतःच्या हाताने जुना बोळा काढला, नवा ठेवला. "दाबून धर. घरी गेल्यावर बी बोलू नोको," म्हणाल्या. मी पुढे बसलेल्या ह्यांच्या मानेकडे बघत होते.

अंगणात सासूबाई उभ्याच होत्या. "कसं हाय पोरी तोंड? कमळा, चहा मांड वो पयले."

"माय, वहिनीची दाढ काढली," रंजीताबाई म्हणाल्या. "पू झाला होता आतमंदी."

सासूबाईंचा चेहरा उतरला. खरंच उतरला, खोटं कशाला बोलू. "काऊन वो, सांगतली नाई इतके दिस?"

"हो ना," हे म्हणाले. "सांगाले पायजे होतं."

माझ्याकडे उत्तर होतं. रोवणीपासून रचत आणलेलं, चांगलं लांबलचक. पण तोंडात कापूस होता. मी आत गेले आणि दिवसाउजेडी खाटेवर आडवी झाले. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच.

स्वयंपाकघरात रंजीताबाई शिरल्या. सासूबाईंनी "तू नोको, माहेरी आली तू" म्हणून अडवलं, तर त्या म्हणाल्या, "मंग तू कर." सासूबाई बाजूला झाल्या. भांडी वाजली, काहीतरी उतू गेल्याचा वास आला. थोड्या वेळाने हे दारात आले.

"मीठ कोनत्या डब्यात हाय?"

मी कापसाकडे बोट केलं.

"हातानं तरी दाखव."

हात मोकळा होता. तो मी उशीखाली घातला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाहेर एकेक डबा उघडला जात होता. हळद सापडली, सोडा सापडला, मागच्या दिवाळीची साखर सापडली. तिघं मोठी माणसं आणि मीठ सापडेना.

पेज आली ती अळणी आली, आणि तळाला लागलेली. रंजीताबाईंनी वाटी माझ्या हातात दिली. "मीठ नाई भेटलं वहिनी," म्हणाल्या, आणि तिथेच जमिनीवर बसल्या. मी कापूस काढला आणि खायला लागले. घरात संध्याकाळचं अजून कोणी जेवलं नव्हतं. हे ओसरीवर बसून होते, सासूबाई दारात. लग्न होऊन आल्यापासून मी पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी जेवत होते, आणि खरं सांगते, मला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.